वाद, जल्प आणि वाटणी

काशीक्षेत्रात मणिकर्णिकेवरून उत्तरवाहिनी गंगेच्या प्रवाहाबरोबर चालू लागले म्हणजे शिंदे घाट लागतो, पुढे संकठा घाट, गंगामहाल घाट आणि त्याला लागून भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेली ही वास्तू नावेतून पाहिली तर घाटापेक्षा गढीच अधिक वाटते. खाली दगडी पायऱ्या, वर भिंतीसारखा सरळ उठलेला भव्य वाडा, आणि त्या भिंतीच्या अगदी माथ्यावर लहान लहान नक्षीदार खिडक्या. लक्ष्मीनारायणाचे मंदिर येथेच आहे. यमेश्वर आणि यमादित्य हीही येथेच. दशाश्वमेधावर असते तशी दाटी येथे नसते, त्यामुळे ज्यांना कर्म स्वस्थपणे करावयाचे आहे अशा यात्रेकरूंना हा घाट सोयीचा वाटतो.

अशी कल्पना करावी, की वऱ्हाडातील दोन सख्खे भाऊ तीर्थश्राद्धासाठी या पायऱ्या उतरून आले आहेत. वडिलांना जाऊन वर्ष उलटले आहे. गावी एकाच पेठेत, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, दोघांची कापडाची दुकाने समोरासमोर आहेत. पूर्वी दुकान एकच होते. मग धाकट्याने समोरचा गाळा घेतला. तेव्हापासून थोरल्याने नवी पाटी रंगवावी, तर आठ दिवसांत धाकट्याने विजेच्या दिव्यांची माळ लावावी. धाकट्याने लग्नसराईत भाव उतरवावा, तर थोरल्याने तोटा सोसून त्याच्याही खाली जावे. चुली निराळ्या झाल्या, पण वडील हयात असल्यामुळे वाटणीचा कागद झाला नाही. वर्षश्राद्ध थोरल्याने केले, धाकटा मागे उभा राहिला. गावच्या भटजींनी भिडेस्तव काही विचारले नाही. काशीच्या क्षेत्रोपाध्यायांना ती भीड नाही. ते दर्भ निवडता निवडता सहज विचारतात, "यजमान, आपण अविभक्त की विभक्त?"

शास्त्रदृष्ट्या हा प्रश्न अगदी साधा आहे. भाऊ अविभक्त असतील तर श्राद्ध एकच आणि ते ज्येष्ठाने करावयाचे. विभक्त असतील तर प्रत्येकाने आपापले. उपाध्यायांना एवढेच ठरवावयाचे असते, की पात्रे किती मांडावीत आणि पिंडांसाठी पीठ किती मळावे. पण दोघेही उत्तर देत नाहीत. 'अविभक्त' म्हणावे तर ते खोटे आहे. 'विभक्त' म्हणावे तर थोरल्याला वाटते, घराण्याचे नाव आपल्या तोंडून बुडाले. धाकट्याला वाटते, दोष आपला होता असे आपणच कबूल केले. तांब्यातले पाणी हालत राहते.

हे दोघे या घाटावर उभे आहेत तोवर या मौनाचा विचार करावयास हरकत नाही, कारण ते त्या दोघांपुरते नाही. दुकाने सर्वांची नसतात, पण समोरासमोरची घरे असतात. जावाजावांत, शेजाऱ्यांत, एका कचेरीतील दोन सहकाऱ्यांत, एकाच भजनी मंडळातील दोन गायकांत हे मौन असते. अशा वेळी बहुधा एकच उपदेश केला जातो : स्पर्धा सोडा, सहकार्य करा. उपदेश कानाला गोड आहे. परंतु तो पाळता येत नाही, आणि विचारांती तो गीतेचाही दिसत नाही.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला पाणिनीचे एक सूत्र लवकरच भेटते. 'ह्वे' हा धातू हाक मारण्याच्या अर्थाचा. त्याला 'आ' हा उपसर्ग लागला आणि अर्थ स्पर्धेचा असला, तर तो आत्मनेपदात चालतो. एक मल्ल दुसऱ्या मल्लाला ललकारतो तेथे 'आह्वयते' म्हणावयाचे. गवळी गाईला हाक मारतो तेथे 'आह्वयति'. मराठीतले 'आव्हान' याच धातूचे. धातू तोच, उपसर्ग तोच, हाकही तीच. फरक एवढाच, की एका ठिकाणी क्रियेचा ओघ आपल्याकडे वळतो आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याकडे जातो. सूत्रकारांना नीतीचा पाठ द्यावयाचा नव्हता, त्यांना रूपे सिद्ध करावयाची होती, हे खरे. पण स्पर्धा आणि साह्य या दोन परक्या जाती नसून एकाच हाकेची ही दोन रूपे आहेत, ही गोष्ट भाषेने जपून ठेवली आहे, एवढे यातून घेता येते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान आपल्या विभूती सांगतात. छत्तिसाव्या श्लोकात ते जय आणि व्यवसाय, म्हणजे निश्चयपूर्वक उद्योग, यांना आपले रूप म्हणतात. एवढ्यावरून कोणी स्पर्धेला भगवंतांची संमती मिळाली असे समजेल, तर त्याने त्याच श्लोकाचा आरंभ पाहावा. तेथे द्यूतही विभूतीत गणले आहे. म्हणून विभूतीत नाव आले एवढ्याने ती गोष्ट आचरणीय ठरत नाही. परंतु त्याआधी चार श्लोक, बत्तिसाव्यात, एक सूक्ष्म निवड केलेली आहे. बोलणाऱ्यांमध्ये, विवाद करणाऱ्यांमध्ये, भगवान म्हणतात, मी वाद आहे. आद्य शंकराचार्य तेथे स्पष्ट करतात, की विवादाचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार येथे अभिप्रेत असून त्यांतील वाद श्रेष्ठ, कारण तो वस्तूच्या निर्णयाला कारण होतो. या श्लोकात या प्रश्नाचे उत्तर बीजरूपाने आहे.

न्यायशास्त्रात या तिन्हींची लक्षणे दिलेली आहेत. दोन पक्ष आहेत, दोघेही प्रमाण आणि तर्क घेऊन उभे आहेत, एकमेकांचे म्हणणे जिद्दीने खोडीत आहेत, पण दोघांनाही हवे आहे ते सत्य; हा वाद. तो गुरूशी, शिष्याशी, सहाध्यायाशी करावा असे गौतमांचे म्हणणे आहे. म्हणजे वाद शत्रूशी नव्हे, आपल्या माणसाशी करावयाचा. जेथे सत्यापेक्षा जय हवा असतो आणि त्यासाठी शब्दच्छल, खोटी साम्ये, अडवणूक हे सारे चालते, तो जल्प. आणि जेथे स्वतःचा म्हणून काही पक्षच नसतो, केवळ समोरच्याचे पाडावयाचे असते, ती वितंडा. तिन्हींत चुरस आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. आवाज चढलेले, चेहरे लाल. भेद आहे तो दोघांमध्ये ठेवलेल्या तिसऱ्या वस्तूचा. वादात दोन पक्षांच्या मध्ये सत्य नावाची वस्तू आहे, ती दोघांचीही खाजगी मालमत्ता नाही, आणि जो हरतो त्यालाही ती मिळते. जल्पात मध्ये ठेवलेली वस्तू फक्त जिंकणाऱ्याच्या हाती जाते. वितंडेत मध्ये काहीच नसते.

जल्प आणि वितंडा शास्त्रकारांनी सर्वथा टाकून दिलेली नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसा, दांडगाई करणाऱ्यापासून सत्य राखण्यासाठी, त्यांचा उपयोग गौतमांनी मान्य केला आहे. व्यवहारात कोणी फसवीतच असेल तर भाबडेपणाने सहकार्य करीत राहणे हा धर्म नव्हे. मात्र कुंपण रोपासाठी असते. रोप वाळून गेल्यावरही जे लोक कुंपणाला पाणी घालीत बसतात त्यांची संख्या जगात फार आहे.

काशी ही या तिन्ही प्रकारांची राजधानीच. दक्षिणेतून आलेल्या शेष घराण्यातील शेषकृष्ण हे व्याकरणाचे मोठे आचार्य. भट्टोजी दीक्षित त्यांचे शिष्य. सिद्धांतकौमुदी लिहिणाऱ्या या शिष्याने आपल्या प्रौढमनोरमेत गुरूंच्याच प्रक्रियाप्रकाशावर टीका केली. गुरूंचे चिरंजीव वीरेश्वर यांच्याजवळ शिकलेले जगन्नाथ पंडितराज यांना ते सहन झाले नाही. त्यांनी मनोरमेच्या खंडनार्थ ग्रंथ लिहिला, आणि त्याला जे नाव दिले ते चारचौघांत उच्चारावयास पंडितांनाही संकोच वाटतो. वादाचा जल्प व्हावयास किती थोडा अवकाश लागतो, याचे हे उदाहरण. एवढ्या थोर बुद्धीचे पुरुष, विषय शब्दांची साधुता, आणि अखेर ग्रंथाच्या नावातच शिवी.

पण गोष्ट तेथे थांबली नाही, आणि पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. भट्टोजींच्या नातवाजवळ, हरि दीक्षितांजवळ, नागेशभट्ट काळे नावाचा महाराष्ट्रीय विद्यार्थी शिकला. शब्देंदुशेखर आणि परिभाषेंदुशेखर लिहून त्याने भट्टोजींची परंपरा कळसाला नेली. त्याच नागेशभट्टांनी जगन्नाथांच्या रसगंगाधरावर टीका लिहिली. आपल्या परमगुरूंच्या कट्टर प्रतिपक्ष्याचा ग्रंथ त्यांनी हातात घेतला, ओळ न् ओळ उलगडून दाखविली. जेथे पटले नाही तेथे तसे म्हटले, जेथे पटले तेथे अर्थ विशद केला. आज रसगंगाधर उघडणारा विद्यार्थी नागेशभट्टांचे बोट धरूनच आत जातो. त्यांनी दोन घराण्यांचा समेट घडवून आणला असे नव्हे. समेटाच्या बैठका त्यांनी घेतल्याचे कोणी सांगत नाही. त्यांनी एवढेच केले, की ग्रंथ कोणाचा हे बाजूला ठेवून ग्रंथात काय आहे ते पाहिले. जल्प पुन्हा वाद झाला. महाराष्ट्रात आजही ज्येष्ठातील दशहरात गंगालहरी म्हटली जाते, आणि ती म्हणणाऱ्या कित्येक घरांतील मुले पाठशाळेत कौमुदी घोकून आलेली असतात. दोन वैऱ्यांचे ग्रंथ एका फडताळात सुखाने नांदतात. जगन्नाथांच्या एकेका श्लोकासरशी गंगा पंचगंगा घाटाची एकेक पायरी चढून आली, ही तर सर्वश्रुत दंतकथा. ज्यांना पंडितांच्या पंक्तीत जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी नदी वर आली, असा त्या कथेचा भाव आहे.

पंचगंगेपासून भोसले घाट लांब नाही. आणि या किनाऱ्यावरील दगडांनी दुसरी एक चढाओढ पाहिली आहे.

नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष पहिले रघूजी आणि बाळाजी बाजीराव पेशवे यांच्यात बंगालच्या चौथाईवरून तेढ पडली होती. १७४३ साली ती इतकी वाढली, की बंगालच्या भूमीवर मराठी फौज मराठी फौजेच्या पाठीवर धावली आणि पेशवे त्या वेळी बंगालच्या नवाबाच्या बाजूने उभे होते. त्याच वर्षी छत्रपती शाहू महाराजांनी दोघांना साताऱ्यास आणून सलोखा करून दिला. 'भांडू नका' एवढेच महाराजांनी सांगितले असते तर ते साताऱ्याच्या वेशीपर्यंतही टिकले नसते. त्यांनी रेषा आखून दिली. बंगाल-ओरिसाकडील मुलूख रघूजींचा, माळवा, आग्रा, प्रयाग इकडील पेशव्यांचा. एकाने दुसऱ्याच्या प्रांतात शिरू नये. वाटणी झाली आणि त्यामुळेच सख्य शक्य झाले. ज्या भांडणाला सीमा नाही ते मिटत नाही.

पण ती रेषा टिकण्याचे कारण रेषेत नव्हते. दोघांच्या वर एक गादी होती, तिचा शब्द दोघेही मानीत होते. वादातील सत्याच्या जागी येथे ती होती. शाहू महाराज १७४९ मध्ये निवर्तले. पुढे अर्धशतकानंतर शिंदे आणि होळकर यांच्यात वैर पेटले तेव्हा ज्याचा शब्द दोघे मानतील असे कोणी उरले नव्हते. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले. १८०२ च्या दिवाळीच्या सुमारास पुण्याजवळ हडपसरला यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि वर्षअखेर वसईस इंग्रजांच्या तहावर सही करून मोकळा झाला. १८०३ मध्ये शिंदे व नागपूरकर दुसरे रघूजी भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर दूर राहिले. असई, अडगाव येथे पराभव झाले. डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत, म्हणजे ज्यासाठी पहिल्या रघूजींनी एवढी धाव घेतली होती तो ओरिसा, कंपनीच्या हवाली केला. पुढच्या वर्षी यशवंतराव होळकर मोठ्या शौर्याने लढले, एकटेच. शिंदे पडले तर आपण वर येऊ असे होळकरांस वाटले, होळकर पडले तर आपण वर येऊ असे शिंद्यांस. दोन पारड्यांपैकी एक खाली गेले की दुसरे वर जाते, हे खरे. पण तराजूच कोणी उचलून नेत असेल तर?

हे सर्व येथे सांगण्याचे कारण काशीतच आहे. इंदूर लुटणाऱ्या सर्जेरावांची कन्या बायजाबाई शिंदे. श्रीविश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी बांधले. त्याच मंदिराच्या आवारात, ज्ञानवापीच्या कूपावर, बायजाबाईंनी १८२८ मध्ये खांबांचा मंडप उभारला. ज्यांच्या गावाला आपल्या वडिलांनी आग लावली, त्यांच्या देवळाच्या अंगणात तिने सावली केली. तिच्या मनात काय होते हे कोणास ठाऊक? कदाचित त्यातही होळकरांच्या बरोबरीने आपले नाव व्हावे अशी ईर्षा असेल. असली तरी बिघडत नाही. त्या ईर्षेचे फळ म्हणजे उन्हातून आलेल्या यात्रेकरूला मिळालेली सावली. ती घेणारा कोणत्या संस्थानचा, हे कोणी विचारले नाही. भोसल्यांच्या पायरीवरून होळकरांचा माणूस उतरला, शिंद्यांच्या पायरीवरून पेशव्यांचा. लढाईत ज्यांना एक रांग धरता आली नाही त्यांचे दगड येथे एकाच रांगेत उभे आहेत, कारण सर्वांच्या समोर एकच नदी आहे आणि ती कोणाच्याही सनदेत लिहून मिळालेली नाही.

तरीही दगडाला मोजमाप पाहिजे. १८३० च्या सुमारास बायजाबाईंनी बांधविलेला शिंदे घाट इतका अवजड झाला, की त्याचा बराच भाग नदीत खचला. आजही तेथे रत्नेश्वराचे देऊळ कलते उभे राहून वर्षातील कित्येक महिने पाण्यात असते. ते का कलले याच्या लोककथा पुष्कळ आहेत. परंतु सत्कर्माच्या चढाओढीतही पायाखालच्या मातीचा विचार करावा लागतो, हे समजण्यास लोककथेची गरज नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, दहाव्या श्लोकापासून पुढे, प्रजापतीने प्रजेबरोबर यज्ञ निर्माण केला आणि देव व मनुष्य यांनी एकमेकांचे पोषण करावे असे सांगितले, हा प्रसंग आहे. परस्परभावनेचा हा उपदेश सर्वांना पाठ असतो. पण त्यातील एक खुबी दृष्टीआड होते. ही देवघेव दोघांतली सरळ देवघेव नाही. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य, कर्मापासून यज्ञ असे ते चक्र आहे. मी तुला दिले म्हणून तू मला दे, हा हिशेब तेथे नाही. दोघेही अग्नीत घालतात आणि दोघांनाही तेथून मिळते. म्हणूनच जो चक्रातून घेतो पण त्यात घालीत नाही, त्याला भगवान सरळ चोर म्हणतात. समोरच्याचे घेणारा म्हणून नव्हे, अग्नीचे न देणारा म्हणून. सोळाव्या अध्यायात आसुरी पुरुषाचे मनोगत दिले आहे : आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, हा शत्रू मारला, दुसरेही मारीन, माझ्यासारखा दुसरा कोण? हा मनुष्य उद्योगी आहे, यज्ञही करणार आहे, दानही देणार आहे. भगवंतांनीच तसे म्हटले आहे. त्याचा दोष असा, की त्याच्या जगात तो आणि त्याने हरविलेले लोक याखेरीज तिसरे काही नाही.

सहकार्यालाही हा रोग जडतो, हे मात्र क्वचितच बोलले जाते. महाभारताच्या वनपर्वात गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेले, तेव्हा भीमाला आनंद झाला. धर्मराजांनी त्याला आवरले; आपसात ते शंभर आणि आपण पाच, पण परक्यापुढे आपण एकशे पाच, या आशयाचे त्यांचे बोलणे पुढे म्हणीसारखे झाले. पांडवांनी दुर्योधनाला सोडविले. पुढे काय झाले? कृतज्ञता वाटण्याऐवजी तो लाजेने जळला आणि अन्नपाणी सोडून मरावयास बसला. धर्मराजांच्या हेतूत न्यून नव्हते. घेणाऱ्याच्या मनात मात्र ती मदत पराभवाच्या खाती जमा झाली. घराघरांत असे चालते. थोरला भाऊ धाकट्याच्या अडचणीत पैसे देतो आणि दर सणाला त्याची आठवणही देतो. मग ते साह्य राहत नाही, सभ्य भाषेतला जल्प होतो. आणि धाकटाही ते घेताना कधी फेडीन आणि तोंडावर फेकीन याचाच हिशेब मनात मांडतो. शिवाय एकशे पाच व्हावयास परका गंधर्व लागावा, ही एकीसुद्धा उसनीच. गंधर्व गेला, एकी गेली.

मोठ्या समुदायात ही गोष्ट कशी सांभाळावी याचा एक नमुना महाराष्ट्रात दर वर्षी डोळ्यांसमोर असतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर ज्या दिंड्या चालतात त्यांचे क्रम ठरलेले आहेत, आणि त्या क्रमाचा, मानाचा अभिमान प्रत्येक दिंडीला असतो. वाटेत कुरबुरी होतात, होणारच. सायंकाळी तळावर समाज आरतीपूर्वी चोपदार आपला दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो, आणि त्यानंतर आरती. हे फार शहाणपणाचे आहे. तक्रार करणे म्हणजे भक्तीत उणेपणा, असे कोणी म्हटले नाही. तिला रोजची वेळ दिली, ऐकणारा दिला, आणि ती माउलींच्या पालखीसमोरच सांगितली पाहिजे असे केले. ज्या घरात टाळ वाजवीत राहण्याची सोयच नसते त्या घरात शांतता फार असते, आणि एक दिवस ते घर कोर्टात दिसते.

मुलांच्या बाबतीत एवढेच सांगावयाचे, की शेजारच्या मुलाचे गुण आणून आपल्या मुलापुढे टाकणारा पिता मुलाला उद्योग शिकवीत नाही. सहाव्या अध्यायात आपणच आपले मित्र व आपणच आपले शत्रू असे म्हटले आहे. जो स्पर्धेचा मल्ल घरातच भेटतो त्याला शेजाऱ्याच्या अंगणात शोधावयास नको. मात्र मुलाने शेजारच्या मुलाबरोबर अभ्यास करावा, त्याच्याशी पैजा माराव्यात, हरावे, पुन्हा बसावे. वादाचे शिक्षण सहाध्यायाशिवाय होत नाही.

उरला तो प्रश्न, जो क्षेत्रोपाध्यायांनी विचारला होता. आपल्याकडे विभक्त होणे ही जणू अपकीर्ती मानली जाते. पण मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात भावांच्या विभागाचा विचार आला आहे तेथे, एकत्र राहावे किंवा धर्माची इच्छा असेल तर वेगळे राहावे, असे दोन्ही पक्ष सांगून वेगळे राहण्यात धर्म वाढतो असे म्हटले आहे. कारण उघड आहे. दोन घरे झाली की दोन देवघरे होतात, अतिथीला दोन दारे उघडी होतात, पितरांना दोन ठिकाणी तिलोदक मिळते. शास्त्राने निंदिले आहे ते वेगळे होणे नव्हे. एकत्र असल्याचा बहाणा करून आतून वेगळे असणे, त्याला शास्त्रात नावही नाही, कारण त्याचे श्राद्ध कोणत्या विधीने करावे हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या दोन भावांची दुकाने समोरासमोर आहेत म्हणून त्यांची गाठ बसलेली नाही. रेषा आखली गेली नाही, आणि तोट्यात भाव उतरवून विकताना मध्ये ठेवलेली वस्तू गिऱ्हाईक राहिली नाही, भाऊ राहिला. म्हणून बसली आहे. गिऱ्हाइकाला चांगले कापड मिळावे या हेतूने त्यांनी उद्या जन्मभर चुरस केली तरी पेठेचे कल्याणच होईल. गीतेच्या अठराव्या अध्यायात आपापल्या कर्माने ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे; समोरच्या दुकानाची पूजा किंवा समोरच्या दुकानाचा वध, यांपैकी कशाचाही उल्लेख तेथे नाही.

घाटावर ऊन पायऱ्या उतरून खाली येत आहे. नावाड्याची हाक ऐकू येते, वर कोठे तरी घंटा वाजते. उपाध्याय पुन्हा विचारीत नाहीत. त्यांनी अशी मौने पुष्कळ पाहिली आहेत. ते हातावर पाणी घेऊन थांबतात.

"विभक्त," थोरला म्हणतो. मग घसा साफ करून, "कागद व्हायचा आहे. गेल्यावर करू."

धाकटा खाली पाहत मान हलवतो.

उपाध्याय दोन आसने मांडतात, दोन ताम्हने, दोन ठिकाणी दर्भ. गोत्राचा उच्चार दोघेही एकाच वेळी करतात, वडिलांच्या नावाचा, आजोबांच्या नावाचा, पणजोबांच्या नावाचाही. पिंड होऊन तर्पण चालू असता धाकट्याच्या पुडीतले तीळ संपतात. घाईत त्याने थोडे आणलेले असतात. थोरला उजव्या हाताची ओंजळ न मोडता डाव्या हाताने आपली पुडी त्याच्या बाजूला सरकवतो, तोंडाने काही बोलत नाही. धाकटा चिमूटभर तीळ घेतो आणि पुडी दोघांच्या मध्ये ओल्या पायरीवर तशीच राहू देतो.